घरच्या घरी कॉम्प्रेशन टेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन काम निघेल’ हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकून घरी आलेल्यांचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. बहुतेक प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ही उत्तरं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहेत. डिझेलवाल्यांनी आधी प्रश्न १७ वाचावा, बाकीचं नंतर.

१. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये नक्की काय मोजतात?

पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते. स्पार्क प्लग काढून त्या भोकात गेज लावायचं, सेल्फ मारायचा आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं. एवढीच टेस्ट. हवेला पळायला तीन वाटा असतात: पिस्टनवरच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइल चेंबरमध्ये, वॉल्व्हच्या सीटवरून मॅनिफोल्डमध्ये, किंवा हेड गॅस्केटमधून शेजारच्या सिलिंडरमध्ये नाहीतर पाण्यात. जुन्या जीपला आणि फियाटला पुढून हँडल मारायची सोय होती. ते फिरवताना कुठला सिलिंडर ‘मऊ’ लागतोय हे मुरलेल्या ड्रायव्हरच्या हाताला कळायचं. गेज तेच आकड्यात सांगतं.

२. ही टेस्ट कधी करावी? दरवर्षी करायची का?

दरवर्षी काही गरज नाही. प्लग, कॉइल, फिल्टर बदलूनही गाडी उभ्या जागी मिसिंग मारत असेल, निळा धूर आणि ऑइल खाणं सुरू झालं असेल, घाटात पूर्वीच्या तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा लागत असेल, तर करा. आणि कुणी इंजिन खोलायचा सल्ला दिला असेल, तर खोलण्याआधी नक्की करा. अर्ध्या तासाच्या या कामाने माझे किती पैसे वाचले ते प्रश्न १५ मध्ये आहे.

एसी लावला की गाडी ओढत नाही, एवढीच तक्रार असेल तर आधी एअर फिल्टर आणि क्लच बघा.

३. काय काय सामान लागतं?

कॉम्प्रेशन गेज, प्लग पाना (जुन्या गाड्यांना बहुधा २१ मिमी, नव्यांना १६ मिमी किंवा १४ मिमी), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, ऑइलची पिचकारी किंवा सुई नसलेली सिरिंज, कागद-पेन आणि एक माणूस. माणूस सेल्फ मारायला. घरात कुणी तयार नसेल तर शेजाऱ्याला चहाचं आमिष दाखवा.

साधा पेट्रोल गेज-संच हजार-दीड हजारापर्यंत मिळतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात नाना पेठ. घेताना संचात १४, १२ आणि १० मिमी आट्यांचे अडॅप्टर आहेत का ते बघून घ्या. जुन्या बहुतेक गाड्यांचे प्लग १४ मिमी आट्यांचे असतात. नव्या इंजिनांत बारीक प्लग येतात, आणि नेमका तोच अडॅप्टर स्वस्त संचात नसतो.

४. रबरी टोकाचं गेज घेऊ की आट्याचं?

आट्याचं. रबरी टोकाचं गेज हाताने दाबून धरावं लागतं. हात जरा हलला की हवा सुटते आणि चांगला सिलिंडरही वाईट दिसतो. खोल विहिरीत बसलेल्या प्लगांपर्यंत तर ते पोचतच नाही.

गेजच्या नळीच्या टोकाशी टायरच्या व्हॉल्व्हसारखी एक पिन असते. काटा चढल्यावर दाब तीच धरून ठेवते. ती खराब झाली म्हणून अनेक जण टायरवाल्याकडची साधी पिन बसवतात आणि मग सगळे आकडे कमी येतात. गेजच्या पिनची स्प्रिंग मुद्दाम हलकी असते. टायरच्या पिनची कडक असते, ती उघडायलाच दाब खर्च होतो. दिसायला दोन्ही सारख्याच.

५. इंजिन गरम हवं की थंड?

कोमट-गरम. गाडी नेहमीसारखी तापवा आणि बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. थंड इंजिनात रिंगांना पूर्ण जागा मिळालेली नसते, त्यामुळे आकडा थोडा कमी येतो. उकळत्या इंजिनातून प्लग काढायला गेलात तर हात तर भाजेलच, पण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटेही प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात (प्रश्न १८). गाडी सुरूच होत नसेल तर थंडच टेस्ट करा. तेव्हा आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा.

६. पेट्रोल आणि स्पार्क बंद कसं करायचं? नाही केलं तर काय होईल?

प्लगची भोकं उघडी, त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येतेय आणि जवळ एखादी वायर ठिणगी टाकतेय. काय होईल ते वेगळं सांगायला नको. ही पायरी गाळायची नाही.

इंजेक्शनच्या गाडीत फ्यूज बॉक्समधला फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि गाडी सुरू करून आपोआप बंद पडू द्या. लाइनमधलं पेट्रोलही त्यात संपतं. मग प्रत्येक कॉइलचा कनेक्टर काढा. कार्बोरेटरच्या गाडीत कॉइलला जाणारी १२ व्होल्टची बारीक वायर काढून टेप लावा. नुसती जाड हाय-टेन्शन वायर उपटून लोंबती ठेवू नका, ती कुठेही ठिणगी मारते आणि त्यात कॉइलही जाऊ शकते. कार्बोरेटरच्या वाडग्यात पेट्रोल उरतंच, म्हणून तिथे स्पार्क बंद असणं जास्त महत्त्वाचं. सीएनजी असेल तर टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्हही बंद करा.

सोसायटीच्या बंद तळघरात हे करू नका. मोकळ्या हवेत करा.

७. प्रत्यक्ष टेस्ट कशी करायची?

गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, चाकाला दगड, गिअर न्यूट्रलमध्ये. न्यूट्रल दोनदा तपासा. प्लग काढलेलं इंजिन हलकं फिरतं आणि गिअरमध्ये राहिलेली गाडी सेल्फवर पुढे चालायला लागते.

प्लगच्या खळग्यातली माती आधी सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग सगळे प्लग काढा, फक्त टेस्ट करायचा तेवढाच नाही. बाकीचे आत राहिले तर सेल्फवर ताण येतो, इंजिन हळू फिरतं आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा वेग मिळतो. काढलेले प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि पुढे १, २, ३ लिहा. आडव्या बसवलेल्या मारुतीच्या इंजिनात १ नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूला असतो.

गेज हाताने आवळा, पाना लावू नका. मदतनीसाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा. कार्बोरेटर असेल तर चोक उघडा आहे ना बघा. आता सेल्फ. इंजिन ‘फुस्स, फुस्स’ करत फिरेल आणि दर फुस्सला काटा एक उडी मारेल. पहिल्या उडीचा आकडा लक्षात ठेवा, पाच-सहा उड्यांनी काटा थांबला की शेवटचा लिहा. दोन्ही आकडे का, ते प्रश्न ११ मध्ये. गेजची हवा सोडा आणि पुढच्या सिलिंडरला लावा. सगळे झाले की आणखी एक फेरी करा. दोन फेऱ्यांत पाच-सात पीएसआयपेक्षा (गेजवरचं दाबाचं एकक) जास्त तफावत आली, तर गेज नीट बसलं नव्हतं किंवा बॅटरी उतरतेय.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या.

८. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायलाच हवा का?

हो. थ्रॉटल बंद असेल तर आत यायलाच हवा कमी, मग दाबायची काय? ‘सगळे सिलिंडर ९० दाखवतायत’ असा निरोप आला की मी पहिला हाच प्रश्न विचारतो. निम्म्या वेळा उत्तर ‘नाही, पाय ठेवला नव्हता’ असंच येतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलसाठी प्रश्न १६ बघा.

९. किती आकडा आला म्हणजे चांगला?

कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तो. मॅन्युअल हाताशी नसेल तर साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला १५० ते २०० पीएसआयच्या आसपास येतात. १२० च्या खाली शंका घ्या, १०० च्या खाली खात्री धरा. जुने मेकॅनिक ‘बारा किलो आहे’ म्हणतात, म्हणजे १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय, एक बार म्हणजे १४.५. बारा किलो म्हणजे १७० पीएसआय.

पण घरच्या गेजच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. दोन गेजं एकाच सिलिंडरला वेगवेगळं बोलतात. सिलिंडरांमधला फरक मात्र त्याच गेजने, त्याच बॅटरीवर, त्याच दिवशी मोजलेला असतो, तो खोटं बोलत नाही. सर्वांत जास्त आकड्यातून सर्वांत कमी वजा करा, जास्त आकड्याने भागा, शंभरने गुणा. १७०, १६५, १५५ असेल तर फरक जेमतेम ९ टक्के, मजेत गाडी चालवा. १६०, १५५, १२० असेल तर २५ टक्के, तिसऱ्यात काहीतरी आहे. १० टक्क्यांपर्यंत ठीक, १५ च्या पुढे लक्ष ठेवा, २० च्या पुढे कारण शोधा.

१०. माझ्या गाडीचा कॉम्प्रेशन रेशो ९ आहे. मग गेज ९ बार दाखवेल ना? आणि महाबळेश्वरला वेगळं दाखवेल का?

रेशो ९ म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा तो पूर्ण वर असतानाच्या जागेच्या नऊपट. पण गेज ९ बार नाही, बहुधा ११ ते १३ दाखवेल. हवा झटकन दाबली की तापते (सायकलच्या पंपाचं खालचं टोक आठवा) आणि तापली की दाब आणखी वाढतो. उलट बाजूने, इनटेक वॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा असतो, म्हणून दाब हिशोबाइतका चढत नाही. वॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद करणाऱ्या नव्या इंजिनांत आणि टर्बो इंजिनांत आकडा मुळातच कमी असू शकतो.

महाबळेश्वरचं म्हणाल तर हो. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो, पुण्यात सुमारे ६ टक्क्यांनी. मुंबईत १७० दाखवणारं इंजिन पुण्यात १६० आणि महाबळेश्वरात १४५ च्या आसपास दाखवेल. इंजिन तेच, हवा विरळ.

११. एकच सिलिंडर कमी आलाय. रिंगा की वॉल्व्ह, कसं ओळखू?

पहिल्या उडीचा आकडा इथे कामाला येतो. पहिली उडी छोटी, पण पुढे काटा हळूहळू चढत बऱ्यापैकी वर गेला तर संशय रिंगांवर. पहिली उडी छोटी आणि नंतरही काटा तिथेच घुटमळतोय तर संशय वॉल्व्हवर.

खात्रीसाठी ऑइल टेस्ट. त्या सिलिंडरमध्ये एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल पिचकारीने कडेकडेने सोडा. गेज न लावता दोन फेरे सेल्फ मारा, मग पुन्हा मोजा. ऑइल रिंगांभोवतीची फट भरतं, वॉल्व्हपर्यंत पोचत नाही. आकडा भरघोस वाढला तर गळती रिंगांकडून. जेमतेम हलला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट.

इथे एक चकवा आहे. ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरला सुमारे २६५ सीसी येतात. रेशो ९ धरला तर पिस्टन पूर्ण वर असताना उरलेली जागा फक्त ३३ सीसी. त्यात तुम्ही ५ सीसी ऑइल ओतलंत, म्हणजे जागाच १५ टक्क्यांनी आक्रसली! धडधाकट सिलिंडरही अशाने वर चढतो. म्हणून एका चांगल्या सिलिंडरलाही तेवढंच ऑइल घालून बघा आणि वाढीची तुलना करा. आणि चमचा म्हणजे चमचा, अर्धी वाटी नाही. न दबणारं ऑइल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नंतर गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं निळा धूर निघेल. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

१२. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आलेत.

दोन्ही साधारण सारखेच कमी असतील तर हेड गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलं असण्याची शक्यता मोठी. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून (गरम असताना कधीच नाही) गाडी सुरू करा आणि पाण्यात बुडबुडे येतात का बघा. गॅस्केट फक्त दोन सिलिंडरांच्या मध्येच गेलं असेल तर बुडबुडे येणार नाहीत, हेही लक्षात असू द्या.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रोज दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत दमटपणानेही तसा थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही तसंच असेल तर मात्र गाडी हलवू नका.

१३. सगळेच सिलिंडर सारखे कमी आलेत. इंजिन संपलं?

बहुधा तुमची टेस्ट चुकली. थ्रॉटल (प्रश्न ८), बॅटरी, गेजची पिन (प्रश्न ४) या क्रमाने तपासा. बॅटरीला चार्जर किंवा दुसऱ्या गाडीची जम्पर केबल लावून पुन्हा मोजा. ते सगळं ठीक असेल तर टायमिंग बेल्ट किंवा चेन एखाद-दोन दाते सरकलीय का बघा, विशेषतः नुकतंच बेल्टचं काम झालं असेल तर. पेट्रोल फार झाल्याने ‘ओव्हरफ्लो’ झालेल्या इंजिनातही सिलिंडरवरचं ऑइल धुऊन जातं आणि आकडे पडतात. तिथे थोड्या ऑइलनेच इंजिन परत जागेवर येतं. एवढं सगळं वगळल्यावरच ‘लाखभर किलोमीटरच्या वर झालेत, रिंगा झिजल्या’ हे उत्तर.

१४. आकडा जास्त आलाय. चांगलं ना?

नाही. मॅन्युअलपेक्षा बराच जास्त म्हणजे पिस्टनवर कार्बनचे थर बसलेत किंवा सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. चढावर खडखड नॉकिंग ऐकू येत असेल तर तेच कारण.

१५. गाडी सीएनजीवर चालते. काही वेगळं बघायचं का?

टॅपेट, म्हणजे वॉल्व्हला ढकलणारा भाग; त्याच्या आणि वॉल्व्हच्या मध्ये बारीक अंतर ठेवलेलं असतं. माझ्या सीएनजी ओम्नीचीच गोष्ट सांगतो. सकाळी उभ्या जागी थरथर, प्लग नवे घातले तरी तसंच. एका गॅरेजने न बघताच ‘हाफ इंजिन’, म्हणजे इंजिन खोलून रिंगांचं काम, सांगितलं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून टेस्ट करायला बॉनेट नाही, सीट उचलावी लागते. आकडे आले १५५, ९०, १५०. मधल्यात चमचाभर ऑइल घातलं, ९० चे १०० झाले. म्हणजे रिंगा नाहीत. टॅपेट कव्हर उघडलं, तर दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) सर्वांत पातळ पानही शिरेना. वॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. टॅपेट सेट करून गाडी दोन दिवस चालवली आणि पुन्हा मोजलं: १४५. खर्च एका कव्हर गॅस्केटचा.

सीएनजी कोरडा वायू आहे. वॉल्व्ह आणि सीट हळूहळू झिजतात, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचं अंतर मिटतं. वेळेत सेट केलं नाही तर वॉल्व्हच्या फटीतून जळता वायू जाऊन वॉल्व्ह जळतो, मग हेड काढण्यावाचून गत्यंतर नाही. मी नशीबवान, जळायच्या आत सापडलं. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात हे सेटिंग नसतं.

१६. पुश-बटन आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत ही टेस्ट होते का?

होते, जरा लक्ष देऊन. पुश-बटन दाबल्यावर कॉम्प्युटर स्वतःच काही सेकंद सेल्फ मारत राहतो, बोट उचललं म्हणून थांबत नाही. पुन्हा दाबून थांबवावा लागतो. पेडल आधी पूर्ण दाबून मग सेल्फ. थ्रॉटलची चकती बोटाने उघडून धरू नका. मोटर ती झटकन मिटवते, बोट सापडतं.

कॉइलचे कनेक्टर आणि पंपाचा फ्यूज काढल्यामुळे नंतर चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. सगळे कनेक्टर परत लावले असतील तर तो काही दिवसांत आपोआप जातो, किंवा स्कॅनरने घालवता येतो. स्ट्राँग हायब्रिड गाडीत मात्र हात घालू नका. अनेकींत नेहमीचा स्टार्टर नसतो आणि व्होल्टेज जीवघेणं असतं.

१७. डिझेल गाडीची टेस्ट याच गेजने करू का?

नाही. डिझेलचा दाब साधारण ३५० ते ४५० पीएसआय असतो आणि पेट्रोलचं गेज बहुधा ३०० लाच संपतं. शिवाय ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून तापवणारा) किंवा इंजेक्टर काढावा लागतो. जुना ग्लो प्लग हेडमध्ये तुटला की दहापट खर्च. आणि ऑइल टेस्ट तर डिझेलमध्ये करूच नका, तेवढ्या दाबाला ऑइल स्वतःच पेटू शकतं. हे काम डिझेल गेज असलेल्या गॅरेजला द्या.

१८. प्लग निघत नाही. जोर लावू?

थांबा. पाव फेरा सैल करा, आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, दहा मिनिटांनी पुन्हा थोडा आवळा, थोडा सोडा. प्लगबरोबर चांदीसारखा चुरा येऊ लागला तर हेडचे आटे जातायत, काम तिथेच थांबवा. गेलेल्या आट्यांत नवी बुश बसवता येते, पण ते घरचं काम नाही.

परत बसवताना प्लग आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवा. वाकडा लागला तर बोटांना कळतं, पान्याला नाही. मग वॉशरवाला नवा प्लग असेल तर अर्धा फेरा. तोच जुना परत बसवत असाल तर घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत जितका सरकतो तेवढाच.

१९. आकडे एकदम छान, तरी मिसिंग जात नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट फक्त हवा बंद राहते का ते सांगते. इंजेक्टर तुंबलाय, कॉइल गरम झाली की सोडते, इनटेक मॅनिफोल्डची रबरी नळी फाटलीय, यातलं काहीही गेजला दिसत नाही. वॉल्व्हची थकलेली स्प्रिंगही सेल्फच्या दोन-अडीचशे आरपीएमला व्यवस्थित वागते आणि चार हजाराला हात वर करते. कॉइलपासून सुरुवात करा: शेजारच्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करून मिसिंग जागा बदलतंय का ते बघा.

२०. सेकंडहँड गाडी घेतोय. मालकाला टेस्ट करू द्या म्हणायचं का?

जरूर म्हणा, स्वतःचं गेज घेऊन जा आणि प्लग परत बसवून देण्याची हमी द्या. काही मालक चालणाऱ्या गाडीच्या प्लगला हात लावू देत नाहीत, त्यात खोट असतेच असं नाही. मग निदान थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा: पहिल्या पाच सेकंदांतला धूर, थरथर, टॅपेटचा आवाज. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर गाडी तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलीय. ‘उद्या सकाळी सातला येतो, तोवर सुरू करू नका’ म्हणा आणि निघा.